मूल अचानक लंगडायला लागलं तर: खुब्याच्या तात्पुरत्या सुजेबद्दल आईवडिलांसाठी

रात्री धडधाकट झोपलेलं चार-पाच वर्षांचं मूल सकाळी उठतं आणि एक पाय जमिनीला टेकवायलाच तयार होत नाही. कुठे पडलेलं, धडपडलेलं कुणाला आठवत नाही. उभं केलं की रडतं, उचलून घेतलं की गप्प होतं. मग घरात तर्क सुरू होतात. लचक भरली असेल, शीर चढली असेल, झोपेत पाय अवघडला असेल. कुणीतरी तेल गरम करायला घेतं.

तीन ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये असं अचानक लंगडण्याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे खुब्याच्या सांध्याला आलेली तात्पुरती सूज. डॉक्टर तिला ट्रान्झियंट सायनोव्हायटिस म्हणतात. कागदावर ‘टॉक्सिक सायनोव्हायटिस’ असं लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका, तो हाच आजार आहे आणि त्यात विषबाधेचा काही संबंध नाही. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तो साधारण दुप्पट दिसतो. बहुतेक मुलं आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ण बरी होतात आणि सांध्यात कसलाही दोष मागे राहत नाही.

तरीही हे सगळं इतक्या तपशिलात सांगायचं कारण असं, की सुरुवातीच्या काही तासांत अगदी असाच दिसणारा दुसरा एक आजार आहे: सांध्यात पू होणं. तो आपोआप बरा होत नाही, आणि त्यात एका दिवसाचा उशीरही सांध्याचं कायमचं नुकसान करू शकतो. म्हणून तात्पुरत्या सुजेत उपचारापेक्षा महत्त्वाचं काम म्हणजे ही नक्की तीच आहे ना, याची खात्री करणं. त्यातला बराच भाग आईवडिलांच्या हातात असतो.

सांध्यात होतं काय

मांडीच्या हाडाचं गोल टोक कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. शाळेच्या पुस्तकात आपण याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. या सांध्याभोवती एक घट्ट पिशवी असते आणि तिला आतून पातळ अस्तर असतं. ते अस्तर सुजलं की नेहमीपेक्षा जास्त पाणी सुटतं, पिशवी ताणली जाते आणि दुखायला लागतं. गुडघा थोडा वाकवून, मांडी बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली की पिशवीवरचा ताण सर्वात कमी होतो. मूल नेमकं त्याच स्थितीत पडून राहतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सूज का येते याचं नेमकं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. पण बऱ्याच मुलांना आधीच्या एक-दोन आठवड्यांत सर्दी, खोकला, घसा दुखणं किंवा जुलाब होऊन गेलेले असतात. आपल्याकडे शाळा सुरू झाल्यावर घरोघरी मुलं शिंकत असतात, त्या दिवसांत हे ध्यानात ठेवा. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. कॅल्शियम कमी पडल्यामुळेही होत नाही, त्यामुळे टॉनिकची बाटली आणून काही साधणार नाही.

दुखणं कुठे जाणवतं ही यातली सर्वात फसवी गोष्ट. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणारी एक नस सामाईक आहे. म्हणून खुबा सुजलेला असतो आणि मूल बोट ठेवतं गुडघ्यावर किंवा मांडीवर. गुडघ्याचा एक्स-रे काढतात, तो चांगला येतो आणि सगळे निर्धास्त होतात. मुलाचा गुडघा दुखतोय आणि गुडघ्यावर सूज नाही, तर खुबा तपासलाच पाहिजे, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारायला संकोच करू नका.

तेलाची वाटी बाजूला ठेवा, आधी मुलाकडे बघा

मालिश नको, पाय ओढणं नको, हाडवैद्याकडे नेऊन ‘बसवून घेणं’ तर मुळीच नको. पाय सरळ करून ओढला की सांध्यातला दाब वाढतो, दुखणं वाढतं. आणि आत पू असेल तर त्या धडपडीत मोलाचे तास जातात. आजीला हे सांगणं अवघड जातं याची मला कल्पना आहे. तिची माया खोटी नसते. ‘डॉक्टरांनी बघेपर्यंत हात लावायचा नाही’ एवढंच सांगा, ते बहुतेक घरांत ऐकलं जातं.

आता मुलाला पलंगावर उताणं निजवा, दोन्ही पाय उघडे करा आणि पायांच्या बाजूला उभं राहून नुसतं बघा. दोन्ही पाय सारखे पडलेत का? एक बाहेर वळलाय का, गुडघा उचललेला आहे का? मग दुखत नसलेल्या पायापासून सुरुवात करा. मांडीवर तळहात ठेवून, लाटणं फिरवावं तसा पाय हलकेच आत-बाहेर फिरवा. तीच कृती दुसऱ्या पायाला. खुबा सुजलेला असेल तर पाय आत वळवताना मूल कचरतं, कमरेसकट वळतं किंवा तुमचा हात धरतं. तिथेच थांबा. जोर लावून काही कळणार नाही.

त्यानंतर दुखऱ्या पायाचा उरलेला भाग बघा, आणि हे घाईत उरकू नका. तळवा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा: काटा, काच, फोड, बूट चावल्याची जखम. पायाला जखम पिकली असेल तर जांघेत अवधाण येतं, म्हणजे दुखरी गाठ सुजते, आणि मूल त्यानेही लंगडतं. नडगीच्या हाडावर वरून खालपर्यंत हलकं दाबा. एक ते तीन वर्षांच्या मुलांत साध्या अडखळण्यानेही नडगीला बारीक चीर पडते आणि बाहेरून काही दिसत नाही. पोट मऊ आहे का ते पाहा, कारण उजव्या बाजूचं अपेंडिक्स दुखत असलं तरी मूल वाकून, पाय सांभाळून चालतं. मुलगा असेल तर चड्डी काढून अंडकोष पाहा. तिथे सूज, लाली किंवा तीव्र दुखणं असेल तर हा लेख पुढे वाचू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

लहान मूल चालत नाही पण मजेत रांगतंय, असं असेल तर दुखणं बहुधा गुडघ्याच्या खाली आहे. अजून बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणं लंगोट किंवा डायपर बदलताना कळतं. पाय फाकवला की ते किंचाळतं.

मूल थोडं तरी चालत असेल तर मोबाइलवर छोटं चित्रीकरण करून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर भीतीने मुलं एकतर चालतच नाहीत, नाहीतर शहाण्यासारखी सरळ चालून दाखवतात.

ताप हाताने बघू नका

कपाळाला हात लावून ‘अंग कोमट आहे’ म्हणणं इथे पुरेसं नाही. डिजिटल थर्मामीटर काखेत लावा, आकडा आणि वेळ लिहून ठेवा, दर चार-सहा तासांनी पुन्हा मोजा. तात्पुरत्या सुजेत ताप नसतो किंवा अगदी किरकोळ असतो. मूल दुखण्याने कुरकुरतं, पण पडल्या पडल्या खातं, खेळतं, चित्रं बघतं. सांध्यात पू झालेलं मूल बहुतेक वेळा आजारी दिसतं. ताप चढतो, चेहरा उतरतो, ते खात नाही आणि पाय कुणाला हलवू देत नाही.

तापाचं औषध दिलं असेल तर वेळ लिहिणं फार महत्त्वाचं. दुपारी दोनला पॅरासिटामॉल दिलं आणि चारला डॉक्टरांनी ताप मोजला, तर तो आकडा खरा नाही. याचा अर्थ दुखत असताना मुलाला औषधाविना ठेवायचं असा नाही. औषध द्या, फक्त सांगा.

किती घाई करायची

पुढच्यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर रात्र असली तरी निघा: १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पाय अजिबात टेकवता न येणं, पाय जरासा हलवला तरी किंकाळी, मूल मलूल, निस्तेज, वय तीन वर्षांपेक्षा कमी. शेवटचा मुद्दा पुष्कळांना ठाऊक नसतो. तीन वर्षांखाली तात्पुरती सूज कमी आढळते आणि संसर्ग किंवा हाडाची चीर असण्याची शक्यता वाढते, म्हणून तिथे ‘बघू उद्या’ चालत नाही.

जायचं तिथे रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि हाडांचे डॉक्टर हे तिन्ही असायला हवं. तालुक्याच्या गावी हे नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, नाहीतर जवळचं वैद्यकीय महाविद्यालय. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. मोठ्या रुग्णालयात निघताना ताप जास्त असेल तर वाटेत खाऊ घालण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या. सांध्यातून पाणी काढायची वेळ आली तर भूल द्यावी लागते आणि त्यासाठी पोट रिकामं लागतं.

ताप नाही, मूल लंगडत का होईना चालतंय, हसतंय, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरी तपासून ‘ताप नाही म्हणजे साधंच आहे’ असा निर्णय मात्र आपण घ्यायचा नाही.

जाताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि बाटल्या बरोबर घ्या. आपल्याकडे सर्दीलासुद्धा अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. सांध्यात पू असेल तर अशा अर्धवट डोसमुळे ताप आणि इतर खुणा काही काळ दबून राहतात, आणि डॉक्टरांची दिशाभूल होते.

तपासण्या आणि कागदावरचे आकडे

डॉक्टर पोटऱ्या-गुडघ्यापासून कमरेपर्यंत सगळं हलवून पाहतील. चित्र अगदी स्पष्ट असेल, म्हणजे पाच-सहा वर्षांचं मूल, नुकतीच होऊन गेलेली सर्दी, ताप नाही, एक-दोन दिवसांचं लंगडणं, तर काही डॉक्टर लगेच तपासण्या न करता एक-दोन दिवसांनी पुन्हा बोलावतात. हा हलगर्जीपणा नव्हे. पण मग ती पुन्हा भेट चुकवायची नाही.

शंका असेल तर रक्तात पांढऱ्या पेशी, ईएसआर आणि सीआरपी बघतात. शरीरात सूज किंवा संसर्ग असला की हे आकडे वाढतात. बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या मिनिंदर कोचर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चार खुणा मांडल्या, त्या आजही जगभर वापरल्या जातात: ताप ३८.५ सेल्सिअसहून जास्त, म्हणजे १०१.३ फॅरनहाइट, पायावर भार न टाकता येणं, ईएसआर ४० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. त्यांच्या अभ्यासात यातली एकही खूण नसलेल्या मुलांत सांध्यात पू असण्याची शक्यता ०.२ टक्क्यांहून कमी होती, एक असेल तर ३ टक्के, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ९३ आणि चारही असतील तर ९९ टक्क्यांवर. इतर रुग्णालयांत नंतर पडताळताना हे वरचे आकडे कमी निघाले. पण एकीवरून दोनवर जाताना धोका एकदम उडी घेतो, हे लक्षात राहिलं तरी पुरे. सीआरपी २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असणं ही पाचवी खूण पुढे जोडली गेली. इथे एककाकडे नीट बघा: काही लॅब प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देतात आणि तिथे हेच २० म्हणजे २ असं छापलेलं असतं. नुसता ‘२ आहे, कमी आहे’ असा समज करून घेऊ नका.

सोनोग्राफीत सांध्यात पाणी दिसतं, त्यात किरणोत्सर्ग नसतो, आणि दुखतही नाही. ‘सांध्यात पाणी झालंय’ हे ऐकून पुष्कळ पालक खचतात. तात्पुरत्या सुजेत पाणी असणारच आणि ते आपोआप जिरतं, काढावं लागत नाही. अडचण एवढीच, की ते साधं पाणी आहे की पू, हे सोनोग्राफी सांगू शकत नाही. रक्ताचे आकडे आणि मुलाची अवस्था पाहून पुवाची शंका उरली, तर सुईने ते पाणी काढून तपासावं लागतं. डॉक्टरांनी हे सुचवलं तर दुसरं मत घेण्यात दिवस घालवू नका. पू निघालाच तर शस्त्रक्रियेने सांधा धुऊन काढतात आणि शिरेतून अँटिबायोटिक देतात. जितक्या लवकर, तितका सांधा वाचतो.

एक्स-रे या आजारात बहुधा चांगलाच येतो. तो काढतात दुसरी कारणं वगळण्यासाठी. दोन्ही खुबे एकाच फिल्ममध्ये घेतलेले असावेत, म्हणजे तुलना करता येते.

तात्पुरती सूज ठरली, आता घरी

औषध एकच लागतं, दुखणं आणि सूज कमी करणारं. साधारणपणे आयबुप्रोफेन देतात: वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत, दर आठ तासांनी, काही खाल्ल्यावर. ऑस्ट्रेलियातल्या २००२ सालच्या एका छोट्या अभ्यासात आयबुप्रोफेन घेतलेल्या मुलांचं दुखणं साधारण २ दिवसांत थांबलं, न घेतलेल्यांचं साडेचार दिवसांत. म्हणजे बरी दोन्ही होतात, औषधाने त्रासाचे दिवस कमी होतात. मूल उलट्या करत असेल, पाणी पीत नसेल, किडनीचा आजार असेल, दम्याचा त्रास असेल किंवा कांजिण्या आल्या असतील तर आयबुप्रोफेन आधी डॉक्टरांना विचारूनच. आणि पावसाळ्यात ताप असेल, आसपास डेंग्यू असेल, तर ते स्वतःहून मुळीच देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे पॅरासिटामॉल, दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही.

सर्वात जास्त गोंधळ बाटलीवर होतो. १६ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल २४० मिलिग्रॅम लागतं. बाटली ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमची असेल तर ते १० मिलिलिटर झालं. ५ मिलिलिटरला २५० ची असेल तर ५ मिलिलिटरहूनही थोडं कमी. ‘मागच्या वेळी दोन चमचे दिले होते’ या आठवणीवर दुसऱ्या बाटलीतून दोन चमचे दिले की डोस दुप्पट होतो. बाटली वाचा, झाकणाच्या मापाने किंवा सिरिंजने मोजा, घरातला चमचा वापरू नका. आयबुप्रोफेनचं नेहमीचं सिरप ५ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचं असतं, म्हणजे याच मुलाला ८ मिलिलिटर. काही सिरपमध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही एकत्र असतात. ते देत असाल तर वरून वेगळं पॅरासिटामॉल नको. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे. घरात मोठ्यांची गोळी पडलेली असते, ती अर्धी करून देऊ नका. अँटिबायोटिकचा या आजारात काही उपयोग नाही.

आराम म्हणजे पलंगाला बांधून ठेवणं नव्हे. गुडघ्याखाली उशी द्या, पाय ज्या स्थितीत बरा वाटेल तसा राहू द्या. जमिनीवर गादी घातली तर उतरण्या-चढण्याचा प्रश्न मिटतो. उकिडवं बसायला खूप दुखतं, त्यामुळे भारतीय पद्धतीच्या संडासाऐवजी कमोड किंवा भांडं वापरा. कडेवर घेतानाही दोन्ही पाय फाकले जातात, म्हणून आडवं उचला. कोमट पाण्याचा शेक मुलाला बरा वाटत असेल तर द्यायला हरकत नाही, दाबणं-चोळणं तेवढं टाळा. चालावंसं वाटलं तर मूल स्वतः चालायला लागतं, त्याला ‘चालून दाखव’ म्हणू नका. शाळा काही दिवस बंदच. शाळेत जायला लागलं तरी पुढचे दोन आठवडे पळणं, उड्या, पी.टी. नको, आणि हे तोंडी न सांगता वर्गशिक्षिकेला चिठ्ठीत लिहून द्या, कारण मधल्या सुट्टीत बरं वाटणारं मूल थांबत नाही. पोहता येत असेल तर पोहणं चालतं.

ताप मोजत राहा, निदान झाल्यावरही दोन-तीन दिवस. ताप चढला, दुखणं वाढलं किंवा औषध असूनही पाय टेकवेना, तर ‘डॉक्टर म्हणाले साधं आहे’ यावर विसंबू नका. त्याच दिवशी परत जा. पुवाच्या सुरुवातीला दोन्ही आजार इतके सारखे दिसतात, की पहिल्या तपासणीत फरक न कळणं चांगल्या डॉक्टरांच्याही बाबतीत घडतं.

लंगडणं रेंगाळलं तर

चार दिवसांत स्पष्ट फरक आणि दोन आठवड्यांत पूर्ण बरं, ही नेहमीची चाल. त्यापुढे लंगडणं राहिलं तर एक्स-रे हवाच. चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, पर्थिस नावाचा आजार असतो. त्यात खुब्याच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा घटतो आणि मूल दुखण्याचा फारसा आवाज न करता महिनोन्महिने लंगडतं. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, उडुपीच्या परिसरात, त्याचं प्रमाण जास्त असल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. सुरुवातीचा एक्स-रे चांगला असू शकतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा काढावा लागतो.

दहा वर्षांपुढचं, वजनाने जास्त मूल खुबा किंवा गुडघा दुखतोय म्हणालं तर मांडीच्या हाडाचं टोक सरकलेलं नाही ना, हे तातडीने बघायला हवं. तोवर त्याला चालवू नका. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून किंचाळून उठणं आणि हळूहळू वाढत गेलेलं लंगडणं असेल तर खुब्याचा क्षय. अंग पांढुरकं, कारण नसताना निळे डाग, हाडं दुखणं असेल तर रक्ताचा कर्करोग वगळायला हवा. आज गुडघा, परवा घोटा असं दुखणं फिरत असेल आणि आधी घसा धरलेला असेल तर संधिवाताचा ताप, ज्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो. सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला आणि दिवस चढेल तसा मोकळा होत असेल तर मुलांमधला दीर्घ संधिवात.

आणि रात्री दोन्ही पाय दुखतात म्हणून रडणारं, पण सकाळी उठून पळणारं मूल लंगडत नसेल, तर ते बहुधा वाढीच्या वयातलं साधं दुखणं असतं. पण मूल लंगडत असेल, तर त्याला वाढीचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका.

काही मुलांना ही सूज पुढच्या काही महिन्यांत पुन्हा येते. तेव्हा घरातल्या उरलेल्या सिरपवर भागवू नका. दुसऱ्या वेळीही ताप मोजणं, पाय तपासणं आणि डॉक्टरांना दाखवणं पहिल्यापासून करायचं. पहिल्या वेळचे रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचा कागद आणि एक्स-रे फिल्म मुलाच्या लसीकरणाच्या फाइलमध्येच ठेवा. पर्थिसची शंका आली तर तुलनेसाठी पहिली फिल्म हाताशी असते.